पिन आत सरकते ती जागा

“अजून किती थांबायचं, बाई?”

यास्मिननं विचारलं आणि हातातला पाना बाकावर टाकला. टाकला कसला, आपटलाच.

बाईंनी वर पाहिलं नाही. त्या पाणी गाळत होत्या. घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकं आणि त्यातून उतरणारी बारीक धार. धारेला घाई नव्हती. बाईंनाही नव्हती.

“दिवस मावळायच्या आत तुम्ही जेवणार. मग सामायिकाला, तुमच्या त्या ध्यानाला, बसणार. मग उद्या उजाडेपर्यंत तुमच्या तोंडून एक शब्द निघायचा नाही. आणि उजाडल्यावर पुण्याचे लोक माळावर येऊन उभे राहतील… मला पेट्रोल आत्ता पाहिजे.”

“हं,” बाई म्हणाल्या.

धार उतरतच राहिली.

थांबणं हा प्रकार यास्मिन शिकलगारला जन्मापासून चिकटला होता. लहानपणी तिनं अब्बांना सांगितलं, मला धारेच्या चाकावर बसू द्या. अब्बा म्हणाले, थांब, हात मोठा होऊ दे. कॉलेजात मोटरसायकलच्या संघात नाव द्यायला गेली, तर तिथले थोर म्हणाले, थांब, मुलींसाठी वेगळं काहीतरी काढू. ते वेगळं काहीतरी अजून निघायचं होतं. लग्नाच्या बाबतीत मात्र कुणीच थांब म्हणालं नव्हतं. तिथं सगळ्या नात्यागोत्याला घाई.

मोठ्या माणसांना आयुष्यात एवढंच येतं, असं तिचं मत झालं होतं. स्वतः थांबून थांबून म्हातारं व्हायचं आणि मग ते दुसऱ्याला शिकवायचं.

सुमती मगदूम बाईंकडे ती आली ती याच रागातून. बाईंनी इंजिनिअरिंग कॉलेजात मशिनांची गती शिकवण्यात उमर घालवली होती. निवृत्त झाल्यावर जयसिंगपुरात घरामागं पत्र्याची शेड उभारली. शेडमध्ये इंजिन बांधून चालवायचा एक भक्कम बाक, भिंतीला पाने, कोपऱ्यात लोखंडी कपाट. ज्याला काही नवं करून बघायचंय त्यानं यावं. फी नाही, वेळापत्रक नाही. यास्मिन पहिल्यांदा आली तेव्हा तिनं दारातूनच विचारलं होतं, कधीपासून येऊ? बाई म्हणाल्या होत्या, आलीयेस की.

तेव्हा वाटलं होतं, मिळालं आपलं माणूस.

पण शेडचे दोन नियम होते. पहिला असा की, ज्यानं इंजिन बांधलं त्यानंच त्याची पहिली फेरी मारायची. आपली अक्कल दुसऱ्याच्या हाडांवर तपासायची नाही. हा नियम यास्मिनला मनापासून आवडला होता.

दुसरा नियम सांगण्याचा.

पेट्रोलची बाटली त्या लोखंडी कपाटात असायची आणि किल्ली बाईंच्या कमरेला. नवं इंजिन बाकावर चढलं की त्याचा प्लग काढायचा, मधल्या दांड्याला पाना लावायचा, डोळे मिटायचे आणि इंजिन हातानं हळूहळू फिरवत आत काय चाललंय ते मोठ्यानं सांगायचं. बाई समोर स्टुलावर बसून ऐकणार. सांगून झालं की किल्ली फिरणार. शेडमधली पोरं याला ‘सांगणं’ म्हणायची, आणि सांगणं झालं का, असं एकमेकांना विचारायची. जसं काही जेवण झालं का.

सांगण्याची चाल सगळ्यांची एकच. आता हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उघडतोय… पूर्ण उघडला… मिटतोय… मिटला. इथं काही नाही. आता धूर सोडणारा उघडतोय…

त्या ‘इथं काही नाही’पाशी पाना हलका व्हायचा, हात आपोआप पळायचा, जीभही पळायची. बाई ‘हं’ म्हणायच्या. पुढं.

यास्मिननं या इंजिनाचं सांगणं दोनदा केलं होतं. दोन्ही वेळा बाईंनी मुकाट्यानं बाटली काढून दिली. दोन्ही वेळा इंजिन सुरू झालं, त्यानं वेग घेतला… आणि आतली पिन फुटली.

आज तिसरी पिन बसली होती. आणि बाई पाणी गाळत होत्या.

ही पिन म्हणजे इंजिनाचा जीव होता.

साध्या मोटरसायकलीत व्हॉल्व्ह उघडणारा कॅम एकच असतो. फिरत्या दांड्यावरचा अंड्याच्या आकाराचा लोखंडी उंचवटा. तो फिरता फिरता व्हॉल्व्हला ढकलतो. जेवढा उंचवटा, तेवढाच इंजिनाचा श्वास. गल्लीत भाजी आणायला निघा, श्वास तेवढाच. मोकळ्या माळावर सुसाट सोडा, श्वास तेवढाच. हळू चालताना तो जास्त होतो आणि पळताना अपुरा पडतो. जन्मभर एका मापाच्या सदऱ्यात राहण्यासारखं.

यास्मिनला ते कधीच पटलं नव्हतं. तिच्या इंजिनात शेजारी शेजारी दोन कॅम होते. एक ठेंगणा, एक उंच. प्रत्येकावर आपापली दांडी. हळू चालताना व्हॉल्व्ह ठेंगण्याच्या दांडीवर चाले. उंचाची दांडी शेजारी नुसतीच वरखाली करत राही, तिचं कुणी ऐकत नसे. वेग वाढला की तेलाचा दाब एका पिनेला ढकलायचा. करंगळीच्या पेरापेक्षा लहान पिन. ती एका दांडीतून निघून दुसरीत शिरायची, दोघींना एक करायची, आणि त्या क्षणापासून व्हॉल्व्ह उंच कॅमचा. मोठा श्वास. नवं इंजिन.

निदान कागदावर तरी.

बाकावर मात्र ऐन बदलाच्या वेळी आतून ‘खट्’ व्हायचं. पिन अडखळायची. म्हणून यास्मिननं तेलाचा दाब वाढवला. पिनेची कड उडाली. तिनं दाब आणखी वाढवला. दुसऱ्या पिनेचा तुकडाच गेला.

तिसरी पिन अब्बांनी नवव्या गल्लीतल्या दुकानात बसून घासून दिली होती. ते पोलाद आजोबांनी जपलेलं. देताना अब्बा म्हणाले होते, आता या जातीचं घरात काही उरलं नाही. एवढंच म्हणाले. जपून वापर असंही म्हणाले नाहीत.

आणि आता पिन बाकावर नाही, माळावर चालणार होती. यास्मिन स्वतः वर बसलेली असताना. सुसाट वेगात पिन फुटली तर तुकडा कुठंतरी अडकणार, इंजिन जाम होणार, मागचं चाक जागच्या जागी थिजणार. पुढचं तिला ठाऊक होतं. त्यावर ती बोलत नसे.

मोटरसायकल कंपनीचे ते पुण्याचे लोक एकदाच येणार होते. त्यांना असं इंजिन हवं होतं, आणि ते बांधणारं माणूसही. उद्या नाही दिसलं तर त्यांच्याकडं दुसरी दारं होती.

बाईंनी फडकं उचललं, गाळलेल्या पाण्यातूनच विसळलं, ते पाणी पुन्हा आडात सोडून आल्या. पाण्यातले जीव जिथले तिथं गेले पाहिजेत, हा त्यांचा रोजचा शिरस्ता. मग हात पुसत स्टुलावर बसल्या.

“पिन का फुटते?”

“उशीर करते म्हणून. अर्धीमुर्धी आत गेलेली असते, तेवढ्यात कॅम वर येतो आणि तिला उडवून लावतो.”

“म्हणून तू दाब वाढवलास.”

“हो.”

“मग?”

“…जास्त फुटली.”

“मग?”

“मग अजून वाढवला.”

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर यास्मिनला बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं.

“यास्मिन, हे यंत्र मला पुरतं कळलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “माझ्या वेळी एकच कॅम असायचा. तुझी दोन सांगणी मी ऐकली ती जुन्याच कानांनी. आज नीट सांग. पहिलीतल्या पोरीला सांगावं तसं.”

बाईंच्या तोंडून ‘कळलेलं नाही’ हे यास्मिननं कधी ऐकलं नव्हतं. कुठल्याच थोराच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ती जरा भांबावली. मग सांगू लागली.

ती सांगत गेली तसतशा बाई विचारत गेल्या. अगदी बाळबोध प्रश्न. दोन्ही कॅम सारखे फिरतच असतात का? सारखे. मग हळू चालताना उंच कॅम काय करतो? फिरतो, बाई, पण त्याच्या दांडीला कुणी विचारत नाही. बिचारा, बाई म्हणाल्या. मग पुढचं. ऐकायचं कुणाचं, हे ठरवतं कोण?

“पिन.”

“पिनेला कोण सांगतं?”

“तेल.”

“तेलाला?”

“वेग मोजणारा एक डबा आहे. तो वाट मोकळी करतो.”

“आणि डब्याला?”

“मी.”

“म्हणजे तूच,” बाई म्हणाल्या. “बरं. आणि हे सगळं इंजिन न थांबवता?”

“न थांबवता. पळता पळता.”

बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि बाकावरच्या त्या ओंजळभर लोखंडाकडं बघत राहिल्या. चष्म्याविना त्यांना ते धूसरच दिसत असणार. तरी बघत राहिल्या, देवळात मूर्तीपुढं बघतात तसं.

“पळता पळता छाती बदलते…” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “हे तू बांधलंस.”

तो प्रश्न नव्हता. यास्मिनला राग आला. कौतुक नको होतं तिला. पेट्रोल हवं होतं.

“वरचं झाकण काढ,” बाई म्हणाल्या. “प्लग काढ. सांगणं कर.”

“दोनदा केलंय.”

“हं.”

“बाई, तेच शब्द आहेत. झोपेत म्हणून दाखवीन.”

“झोपेतच म्हणत होतीस. आता झाकण काढ.”

हे मात्र लागलं. यास्मिननं दात आवळून झाकण काढलं, प्लग काढला, दांड्याला पाना लावला. दोन्ही कॅम उघडे पडले. तेलानं ओले, चकचकीत. दांडीच्या कडेला पिनेचं गोल डोकं दिसत होतं, भिंतीतल्या खिळ्याच्या डोक्यासारखं.

बाई उठून बाकाच्या दुसऱ्या बाजूला गेल्या आणि त्यांनी पाना तिच्या हातातून काढून घेतला.

“फिरवते मी. तू तेल हो.”

“काय?”

“तेलाचं काम तू कर. पिन आत ढकल.”

यास्मिननं पिनेवर अंगठा ठेवला. बाई पाना फिरवू लागल्या. अगदी सावकाश, गाळलेल्या पाण्याच्या धारेसारख्या. ठेंगणा कॅम वर आला, उंच कॅम त्याच्याही वर आला. दोन दांड्या दोन उंचींवर. पिनेचं भोक एकीकडं, पिन एकीकडं.

यास्मिननं दाबलं. पिन हलेना.

तिनं दुसरा अंगठा पहिल्यावर ठेवला आणि सगळं अंग टाकून दाबलं. पिनेच्या कडेचा वण अंगठ्यात उमटला. नख पांढरं पडलं.

“जात नाही,” ती म्हणाली.

“हं. अजून जोर लाव.”

तिनं लावला. कपाळाला घाम फुटला. पिन ढिम्म. बाई फिरवत होत्या, यास्मिन दाबत होती, आणि मध्येच दांडी हलल्यानं अंगठा सटकून लोखंडावर आपटला. तिनं हात झटकला. कळ डोक्यात गेली.

“नाही जात ती. बघताय ना तुम्ही? म्हणून तर दाब…”

“आता दाबू नकोस,” बाई म्हणाल्या. “करंगळी ठेव. नुसती ठेव.”

“त्यानं काय होणार आहे?”

“आणि डोळे मीट.”

यास्मिननं डोळे मिटले. रागानंच मिटले. करंगळीचं टोक पिनेवर टेकवलं. बाईंनी पाना पुन्हा हाती घेतला. आणि या वेळी सांगणं बाईच करू लागल्या, पोरांच्याच चालीत.

“आता उघडतोय…”

करंगळीखाली पिन गप्प.

“पूर्ण उघडला…”

गप्प.

“मिटतोय… मिटला.”

बाई थांबल्या नाहीत. पाना फिरतच होता. फक्त पुढचे शब्द आले नाहीत. त्या शब्दांच्या जागी शांतता आली…

आणि यास्मिनच्या करंगळीखालून पिन निघून गेली.

ढकलली नाही. गेली. पाण्यात मासोळी वळावी तशी, आवाज न करता, आपणहून. करंगळीचं टोक एकदम मोकळ्या जागेवर आलं.

यास्मिननं डोळे उघडले. दोन्ही दांड्या एका उंचीवर होत्या. ठेंगणा कॅम पाठ करून बसला होता, उंच कॅमही पाठ करून बसला होता. दोघांच्या पाठी सारख्याच गोल. तिथं कुणी उंच नव्हतं, कुणी ठेंगणं नव्हतं. व्हॉल्व्ह मिटलेला. स्प्रिंगांवर भार नाही. आणि दोन दांड्यांच्या आरपार पिन अशी बसली होती की जणू पहिल्यापासून तिथंच होती.

“बाई…” ती म्हणाली.

मग म्हणाली, “पुन्हा.”

बाईंनी पुन्हा फिरवलं. पिनेमागची बारीक स्प्रिंग तिला बाहेर घेऊन आली, तीही त्याच जागी. पुन्हा कॅम वर आले, पुन्हा पिन अडली. पुन्हा ती जागा आली, आणि पिन करंगळीखालून निघून गेली. दुसरीकडं कुठंही नाही. तिथंच.

ही जागा यास्मिननं स्वतः काढलेली होती. तिच्या नकाशात होती, तिनंच माप धरून गोलाई दिली होती. उरलेला भाग म्हणून दिली होती. सगळा जीव तिनं उंचवट्यांवर ओतला होता, रात्रंदिवस त्यांचे आकार बदलले होते. आणि सांगताना दर खेपेला या जागेवरून ती पळत गेली होती.

तिच्या मनात आता इंजिन धावू लागलं. काटा नऊ हजारावर. बाकाला हादरा बसतोय, पत्रे थरथरताहेत, आवाज कानात मावत नाही. आणि त्या आवाजाच्या पोटात, सेकंदाला पाऊणशे वेळा, ही जागा येते. येतेच. दोन्ही कॅम पाठ फिरवतात, सगळे भार सुटतात, काहीच कुणाला ढकलत नाही… आणि जातं. जगातलं कुठलं तेल, कुठला जोर त्या जागेच्या बाहेर ही पिन आत घालू शकत नाही. आणि त्या जागेत एक करंगळी पुरते.

एवढ्या आक्रोशात एवढी शांतता. तिनंच बांधलेली. आणि तिला पत्ता नाही.

“माझी पिन उशीर करत नव्हती,” ती हळूच म्हणाली. “मी तिला कधीही ढकलत होते. जागा संपत आलेली असली तरी. दाब वाढवला म्हणून ती शेवटच्या घटकेलाही अर्धी घुसायची, आणि तेवढ्यात…”

बाई फिरवत राहिल्या.

यास्मिनचं डोकं आता पळत होतं. दाब पहिल्याइतकाच पुरे. पण पिनेला कुणीतरी धरून ठेवायला हवं. एक खिट्टी. पातळ, चिवट, पिनेच्या खाचेत पडणारी. दांडीच्या हालचालीनंच ती उचलली जाईल. जागा सुरू होताना सोडेल, मधूनच सोडणार नाही. मग पिनेला ती सगळीच्या सगळी जागा मिळेल. हे बाईंना माहीत नव्हतं आणि पुस्तकात ते तिला शोधावं लागणार नव्हतं. ते तिच्या हातांना दिसत होतं.

“पुन्हा फिरवा,” ती म्हणाली. “दांडी किती सरकते ते बघते.”

बाईंनी फिरवलं. यास्मिननं वाकून बघितलं, मापलं, पुन्हा सांगितलं. पुन्हा फिरवलं. कितीदा ते दोघींनाही कळलं नाही. शेडच्या पत्र्याच्या फटीतून आलेली उन्हाची पट्टी बाकावरून उतरली, जमिनीवर गेली, भिंतीला चढली, तांबूस झाली.

मग बाईंनी पाना खाली ठेवला. कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि बाटली यास्मिनपुढं धरली.

यास्मिननं हात पुढं केला… आणि मागं घेतला.

“थांबा,” ती म्हणाली.

आपल्या तोंडून काय निघालं ते तिला ऐकू आलं. तिनं ते परत घेतलं नाही.

“आज नको. आधी अब्बांकडं जाते. दुकान बंद व्हायच्या आत. सकाळी घेईन.”

बाईंनी बाटली परत कपाटात ठेवली. बोलल्या नाहीत. ‘हं’सुद्धा नाही. यास्मिननं बाहेर पाहिलं आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. दिवस मावळला होता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बाईंचं ताट झाकलेलं तसंच होतं. आता ते उद्याच.

तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाई चटईवर जाऊन बसल्या होत्या. पाठ ताठ, हात मांडीवर, डोळे मिटलेले.

यास्मिननं चपला हातात घेतल्या आणि शेडच्या बाहेर जाऊन घातल्या.

अब्बांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं. करवतीचं एक तुटकं पातं शोधून काढलं, चाक सुरू केलं, आणि मग पातं तिच्या हातात देऊन स्वतः उठले. चाकासमोरची जागा मोकळी केली. ती बसली. खिट्टी तिनंच घासली.

सकाळी खिट्टी बसवून इंजिन मोटरसायकलीवर चढलं, बाईंकडून पेट्रोल घेतलं. कारखान्यामागच्या माळावर पुण्याची मोटार उभी होती. केतकर म्हणून एक साहेब आले होते, बरोबर दोघं. केतकरांनी आल्या आल्या विचारलं, चालवणार कोण? यास्मिननं शिरस्त्राण चढवलं. केतकरांनी बाईंकडं पाहिलं, तुमचा एखादा सराईत मुलगा नाही का? बाईंनी नुसतं यास्मिनकडं बोट केलं.

ती निघाली.

गावातल्या गल्लीत जावी तशी आधी. हळू. इंजिन लहान श्वास घेत होतं, गोड घुमत होतं. माळाच्या टोकाला तिनं गाडी वळवली. समोर लांबवर गवत, त्याच्या शेवटी बाईंचं पांढरं लुगडं.

तिनं मूठ पिळली.

वारा छातीवर आला. काटा चढला. हाडांना ठाऊक होतं ती ‘खट्’ कुठं येते. तिथं तिचे गुडघे आपसूक टाकीला आवळले गेले. पिन, खिट्टी, चाक, अब्बा, आजोबांचं पोलाद… सगळं त्या एका ठिपक्यावर येऊन उभं राहिलं.

आणि ठिपका गेला.

तिला कळलंही नाही. कळलं ते एवढंच की गाडीनं मोठा श्वास घेतला. आवाज खोल गेला, मग रुंद झाला, मग साऱ्या माळाएवढा झाला, आणि गवत दोन्ही बाजूंनी रेघा होऊन मागं जाऊ लागलं. ती ओरडली असती, पण तोंड उघडायला वारा देत नव्हता. ती नुसती बसून राहिली. आपण बांधलेल्या वस्तूच्या पाठीवर बसून आपणच लहान होत चाललो आहोत असं तिला वाटलं, आणि त्याचं तिला जराही वाईट वाटलं नाही.

ती परत आली तेव्हा केतकर आपल्या मोटारीपासून चार पावलं पुढं येऊन उभे होते. त्यांचा चहा कपात तसाच होता. हे आम्हाला हवंय, ते म्हणाले. तुम्हीही हव्या आहात. आत्ताच बसून बोलू.

“थांबा जरा,” यास्मिन म्हणाली.

तिनं इंजिन चालूच ठेवलं. शिरस्त्राण काढलं आणि बाईंना हाक मारली.

“बाई, सांगणं तुमचं.”

बाई आल्या. कालपासून पोटात अन्न नव्हतं, पण चाल तशीच होती. त्यांनी टाकीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. यास्मिननं मूठ हळूहळू पिळायला सुरुवात केली.

“लहान श्वास…” बाई म्हणाल्या. “लहान… वेग येतोय… अजून लहानच…”

मूठ फिरत गेली. काटा चढत गेला. बदल अगदी जवळ आला. बाईंचा तळवा टाकीवर होता. त्यांनी तो उचलला आणि तिथं नुसती करंगळी ठेवली.

ती जागा आली.

आवाज खोल गेला. रुंद झाला. माळ भरून गेला.

बाई डोळे मिटून उभ्या होत्या. ओठ हलत होते, पण काही ऐकू येत नव्हतं. यास्मिन त्यांच्याकडं बघत राहिली. मग इंजिनाच्या त्या सगळ्या गर्जनेखालून तिला ऐकू आलं…

“इथं काही नाही.”